गिअरबॉक्सचा ताप

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, पुण्यात दोन मुक्काम करते आणि मग सासवडच्या वाटेला लागते. त्या वाटेवर दिवे घाट आहे. वडकीचं शिवार, मस्तानी तलाव आणि पुढे चढ. घाटाच्या पायथ्याशी रथाच्या मूळ बैलजोडीपुढे आणखी जोड्या जोडल्या जातात. घाट चढून गेला की त्या सोडतात. वारीत चाललेल्या कोणालाही यात नवल वाटत नाही. चढ आला की बळ वाढवायचं, सपाटी आली की कमी करायचं, एवढा सरळ हिशेब आहे.

इंग्रजांनी १८६३ साली बोरघाटातून रेल्वे नेली तेव्हा हाच हिशेब मांडला. त्या वाटेवर काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. रेल्वेच्या भाषेत हा चढ फारच तीव्र. म्हणून आजही कर्जतला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत आणतात. आपल्यापैकी कित्येकांनी त्या थांब्याला वड्याखेरीज दुसरं काही महत्त्व कधी दिलं नसेल.

पण बळाच्या हिशेबाला एक दुसरी बाजू आहे, ती सहसा कोणी मांडत नाही. जादा बळ लावलं की जादा उष्णता निर्माण होते आणि ती कुठेतरी टाकावी लागते. बैल धापा टाकतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, अंगावरून घाम निथळतो, ते सगळं उष्णता बाहेर टाकणंच असतं. जुन्या काळी कात्रजच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात एसटी थांबे, क्लीनर बादली घेऊन उतरे, रेडिएटरच्या टोपणावर ओलं फडकं टाकून ते हळूच सैल करी आणि वाफेचा लोट उठे. ‘गाडीला पाणी पाजणं’ हा शब्दप्रयोग तिथलाच. इंजिन तापतं हे त्यामुळे मराठी माणसाला ठाऊक आहे. गिअरबॉक्स तापतो हे मात्र ठाऊक नव्हतं, कारण तापणारे गिअरबॉक्स आपल्याकडे कालपरवापर्यंत नव्हतेच.

मला ते कळलं दिवे घाटात. आमच्या दिंडीबरोबर घरची सात आसनी गाडी असते. आईचे गुडघे गेले तेव्हापासून ती गाडीत बसून वारी करते. तिच्यासोबत दिंडीतल्या आणखी तीन-चार थकलेल्या बाया असतात, टपावर पथाऱ्या आणि पत्र्याच्या पेट्या. दिंडीच्या वाहनांना पास मिळतात. पण पास असला तरी वेग मिळत नाही. पुढे तंबूचे ट्रक, पाण्याचे टँकर, किराण्याचे टेम्पो, आणि या सगळ्यांच्या मधून चालणारी माणसं. गाडी ऑटोमॅटिक. क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, ब्रेकवरचा पाय जरा उचलला की गाडी आपली पुढे सरकते. गर्दीत याहून सोयीचं काही नाही असं मी त्या सकाळपर्यंत सगळ्यांना सांगत असे.

निम्मा घाट चढलो असू. आधी गाडीला एक थरथर जाणवली, रस्त्यावर बारीक खडी असल्यासारखी. मग समोरच्या पडद्यावर ट्रान्समिशन गरम झाल्याची सूचना आली. मी ती वाचेपर्यंत गाडीचा जोर गेला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडे आणि गाडी मात्र जागची हलेना. वारकऱ्यांनी ‘माउली, माउली’ करत ती कडेला ढकलली. आई आणि तिच्या मैत्रिणी त्या उन्हात दोन तास बसल्या. शेवटी एका टेम्पोत पेट्यांच्या मध्ये जागा करून त्यांना पुढे पाठवलं. रात्री सासवडला आई एवढंच म्हणाली, “पुढच्या वर्षी मी घरीच राहते रे. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा.”

नंतर जे अंदाजपत्रक हातात पडलं ते गाडीच्या त्या वेळच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढं होतं. पण मला लागलं होतं ते आईचं वाक्य. मी तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात चाचणी विभागात काढली. सगळा काळ ब्रेकच्या भागांवर गेला. गिअरबॉक्सशी माझा संबंध नव्हता. तो त्यानंतर जुळला.

साध्या, म्हणजे हाताने बदलायच्या गिअरबॉक्सच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. एक चकती दुसऱ्या चकतीवर दाबली की दोन्ही एकत्र फिरतात. गर्दीत ‘हाफ क्लच’वर गाडी चालवली की चकत्या घासतात, जळका वास येतो आणि चालवणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते नाकानेच कळतं. आकुर्डीला बनणाऱ्या मॅटाडोरमध्ये हा वास थेट गाडीच्या पोटात येई. लग्नाच्या वऱ्हाडाने ज्यांनी त्या गाडीतून घाट चढले असतील, त्यांच्या आठवणीत गजऱ्याच्या वासाबरोबर क्लचचा वासही असणार.

ऑटोमॅटिक गाडीत, निदान त्यातल्या जुन्या आणि भरवशाच्या प्रकारात, मध्ये चकती नसते, तेल असतं. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतील. हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा, आणि मध्ये तिसरं एक चक्र बसवा, जे परतणाऱ्या तेलाला वळण देऊन पुन्हा पहिल्या पंख्याच्या मदतीला लावतं. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. पहिला पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. इंजिन चालू आणि गाडी उभी असली तरी काही तुटत नाही, काही घासत नाही, तेल नुसतं घुसळलं जातं. ताकात रवी फिरावी तसं.

ही कल्पना मोटारीसाठी जन्माला आली नाही. श्टेटिन इथल्या व्हल्कन जहाज कारखान्यात हेरमान फ्योटिंगर नावाचा जर्मन अभियंता काम करत होता. (ते शहर आता पोलंडमध्ये आहे.) वाफेचं टर्बाइन फार वेगाने फिरतं, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. या दोघांची गाठ घालायची कशी, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०५ साली त्याने द्रवाने बळ पोचवण्याच्या योजनेचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, त्यात द्रवाची साधी जोडणी होती. १९४८ साली ब्यूकच्या डायनाफ्लोमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला. फ्योटिंगरच्या जहाजाभोवती अख्खा समुद्र होता. मोटारीत मात्र डबा बंद आणि तेल सात-आठ लिटर.

आता त्या तेलात किती उष्णता जाते ते पाहू. आकडे अंदाजाचे आहेत, पण अंदाज दूरचा नाही. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन २५०० किलो धरा. चढ पंधरा फुटांमागे एक फूट. वेग दिंडीचा, तासाला चार किलोमीटर. एवढं वजन एवढ्या वेगाने वर चढवायला आणि रस्त्याचा विरोध मोडायला चाकाशी साधारण दोन-सव्वादोन किलोवॅट शक्ती पुरते. म्हणजे काम तसं किरकोळ. पण एवढ्या कमी वेगाला दुसरा पंखा पहिल्याच्या फारच मागे राहतो, आणि इंजिनने दिलेल्या शक्तीतली जवळजवळ निम्मी तेल घुसळण्यात संपते. चाकाला दोन किलोवॅट द्यायचे तर तेलातही दोनेक किलोवॅटची उष्णता ओतावी लागते.

दोन किलोवॅट म्हणजे आपल्या न्हाणीघरातला पंधरा लिटरचा गिझर. तो वीस मिनिटांच्या आत अंघोळीचं पाणी कढत करतो. गिअरबॉक्समध्ये तेल त्याच्या निम्मं, आणि तेल पाण्यापेक्षा लवकर तापतं. सगळी उष्णता नुसत्या तेलातच राहिली तर दर मिनिटाला नऊ अंश वाढतील. तसं होत नाही, कारण गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं जडशीळ कवच बरीच उष्णता पिऊन घेतं. पण कवचालाही सीमा आहे. दिवे घाटात आम्ही तो गिझर तासभर चालू ठेवला होता. नळ बंद ठेवून.

नळ अगदीच बंद नसतो, हे खरं. तेल थंड करायची मूळ सोय प्रत्येक अशा गाडीत असते. बहुतेकींमध्ये तेलाची एक नळी रेडिएटरच्या कडेच्या टाकीतून फिरवून आणतात, काहींमध्ये गिअरबॉक्सलाच एक छोटा उष्णता-बदलक चिकटवलेला असतो आणि त्यात इंजिनचं कुलंट खेळवतात. दोन्हीकडे तत्त्व एकच: तेलाची उष्णता पाण्याला द्यायची आणि पाण्याची हवेला. थंडीच्या देशांत याचा दुहेरी फायदा होतो. सकाळी पाणी लवकर तापतं आणि गारठलेल्या तेलाला ऊब देतं. आपल्याकडे अडचण उलटी आहे. इंजिनचं पाणीच नव्वद-पंचाण्णव अंशांवर असतं. तेलाला उष्णता द्यायची तर तेल त्याहून गरम हवं. म्हणजे ही सोय तेलाला पाण्याच्या खाली कधीच आणू शकत नाही. त्यात घाटात इंजिन मंद, म्हणून पाण्याचा पंप मंद. एसी चालू, म्हणून त्याच्या जाळीतून तापलेली हवाच रेडिएटरवर येते. समोरून वारा नाही, कारण गाडीला वेग नाही. तेल शंभरच्या वर गेलं तर आश्चर्य काय?

गेलं तर काय बिघडतं, हा पुढचा प्रश्न. स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८८९ साली तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं सूत्रात बांधलं. त्यावरून गॅरेजवाल्यांचा एक ठोकताळा निघाला आहे: सुमारे ऐंशी अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना गिअरबॉक्स तेलाचं आयुष्य निम्मं होतं. अमेरिकेत या ठोकताळ्याचे तक्ते भिंतींवर लावलेले असतात, अमुक तापमानाला अमुक हजार मैल. मला त्या तक्त्यांतल्या मैलांवर भरवसा नाही. ते जुन्या खनिज तेलांच्या काळातले आहेत, आजची कृत्रिम तेलं त्याहून पुष्कळ टिकतात. पण निम्मं होत जाण्याची दिशा खरी आहे. तेल जळलं की त्याचा लाल रंग तपकिरी होतो, त्याला करपट वास येतो, आणि गिअरबॉक्सच्या आतल्या कागदी अस्तराच्या चकत्या घसरू लागतात. घसरल्या की आणखी उष्णता. शिवाय रबराची सीलं कडक होतात, त्यातून दाब गळतो. दाब गेला की चकत्या घट्ट धरल्या जात नाहीत. आमचं इंजिन ओरडत होतं आणि गाडी हलत नव्हती ती याच पायरीवर.

या तेलाची गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. चकत्या झटका न देता, पण घट्टही धरल्या जाव्यात म्हणून त्यात पूर्वी स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० च्या सुमारास अमेरिकेने हा देवमासा संरक्षित प्राण्यांच्या यादीत घातला आणि कंपन्यांना रसायनशाळेत पर्याय शोधावा लागला. सुरुवातीच्या पर्यायांतल्या एकाने रेडिएटरमधल्या कुलरच्या सांध्यांनाच गंज चढू लागला. तेव्हा पुन्हा नवं तेल. आज डब्यावर जे लांबलचक सांकेतिक क्रमांक दिसतात, त्यांच्या मागे असा इतिहास आहे. ‘कुठलंही लाल तेल चालतं’ असं म्हणणाऱ्या मेस्त्रीपासून म्हणूनच दूर राहावं.

घरच्या सात-आठ आसनी गाडीत हा प्रश्न सगळ्यात आधी अमेरिकेला भेटला. क्रायसलरने १९८४ च्या मॉडेलपासून तिथे मिनीव्हॅन रूढ केली. मोटारीसारखी चालणारी, पण अख्खं कुटुंब, सायकली, कुत्रा, तंबू पोटात घेणारी गाडी. तिच्यात गिअरबॉक्स मात्र मोटारीचा होता. १९८९ साली त्या कंपनीने आणलेला चार गतींचा नवा गिअरबॉक्स बदनाम झाला. त्यातला बराचसा दोष चुकीचं तेल पडण्याचा होता. पुढे २००४ साली होंडाने अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यात ओडिसी ही मिनीव्हॅन होती. कारण असं दिलं होतं की, विशिष्ट परिस्थितीत दुसऱ्या गिअरपाशी उष्णता साठते आणि दात्यांचे टवके उडू शकतात. उपाय काय केला? ज्या गाड्यांच्या गिअरवर तापल्याच्या खुणा नव्हत्या, त्यांत त्या गिअरवर तेलाची धार पडेल अशी सोय बसवली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या तपासाचा शेवट तेलाच्या एका धारेपाशी झाला, हे वाचून मला का कोण जाणे, बरं वाटलं.

तिथल्या लोकांनी त्याआधीच स्वतःचा उपाय शोधला होता. मिनीव्हॅनच्या मागे नावेचा किंवा सामानाचा ट्रेलर ओढायचा तर तेलासाठी जादा कुलर बसवायचा. ट्रेलर ओढण्याच्या अधिकृत संचात कित्येक कंपन्या तो स्वतःच देत. फिनिक्सला राहणारा माझा मावसभाऊ दर उन्हाळ्यात मिनीव्हॅन घेऊन डोंगरात जातो. त्याला हे सगळं पाठ होतं. फोनवर म्हणाला, “दादा, तुम्ही ट्रेलर ओढत नाही, पण टपावर अख्खी दिंडी ठेवता. एकच झालं.”

आपल्याकडे कुटुंबाच्या मोठ्या गाड्यांची परंपरा आहे: मॅटाडोर, मग पुण्यातच बनलेली सुमो १९९४ ची, क्वालिस २००० ची, इनोव्हा २००५ ची. या सगळ्या हाताने गिअर बदलायच्या. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक मोठ्या गाड्या सर्रास दिसू लागल्या त्या इनोव्हा क्रिस्टा (२०१६), कार्निव्हल (२०२०) आणि अर्टिगाच्या अलीकडच्या आवृत्त्यांपासून. चाकणच्या तळेगाव चौकातला खोळंबा किंवा मोशी ते भोसरी हा संध्याकाळचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या गाड्या का खपतात ते सांगायला नको. ज्या पट्ट्यात या देशाच्या गाड्या बनतात, त्याच पट्ट्यात त्या सर्वांत कमी वेगाने चालतात. आणि गर्दीसाठी घेतलेल्या या गिअरबॉक्सला सर्वांत जास्त ताप होतो तो गर्दीतच.

इथे एक खुलासा. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली बाजारात तीन-चार निरनिराळी यंत्रं विकली जातात. २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेला आणि आता स्वस्त गाड्यांत सर्रास असलेला एएमटी हा मुळात साधाच गिअरबॉक्स आहे, क्लच फक्त यंत्राने दाबला जातो. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, तेलाची नळी बाहेर येत नाही, म्हणून त्याला कुलर लावण्याचा प्रश्नच नाही. त्याची उष्णता क्लचच्या चकतीत जाते. कोरड्या जोड-क्लचच्या गिअरबॉक्सचंही तसंच. सीव्हीटीमध्ये तेल असतं आणि तेही तापतं, पण त्याची तऱ्हा वेगळी. तेव्हा शेजाऱ्याने कुलर लावला म्हणून आपण लावू नये. आधी आपल्या गाडीच्या पोटात काय आहे ते पुस्तिकेत वाचावं.

मरकळ रस्त्याला एका मेस्त्रींचं गॅरेज आहे. वय पस्तिशीचं, हात शांत. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि वाचलेलं सगळं त्यांच्यासमोर ओतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, या गाडीचं गिअर तेल याआधी कधी बदललं होतं?”

कधीच नाही. पुस्तिकेत ते आयुष्यभर पुरेल असं सुचवलेलं होतं.

“कुणाच्या आयुष्यभर?” मेस्त्री म्हणाले. मग त्यांनी बॉनेट उघडून पुढची जाळी दाखवली. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे आणि वाळका पाचोळा यांचा नमदा बसला होता. हवा जाणार कुठून? “कुलर लावून देतो की. पण आधी ही फट धुऊ, पंखा दोन्ही वेगांनी फिरतो का बघू. नाहीतर काका, तुम्ही तापलेल्या माणसाला गोधडी तशीच ठेवून वारा घालणार.”

मला हे मान्य करायला जड गेलं, कारण मी उत्तर ठरवून गेलो होतो. तेल कधी बदललं नाही आणि जाळी कधी धुतली नाही, या माझ्या दोन चुका होत्या. घाटाला आणि यंत्राला मी उगीच बोल लावत होतो. तरीही वर मांडलेला हिशेब खोटा ठरत नव्हता. स्वच्छ जाळी आणि ताजं तेल असलं तरी तेल पाण्यापेक्षा थंड होणार नव्हतं. गाडीची वॉरंटी संपली होती, त्यामुळे तीही अडचण नव्हती. वॉरंटी चालू असती तर मी नळीला हात लावू दिला नसता. पुढे काही बिघडलं की आधी त्या नळीकडेच बोट दाखवतात.

जादा कुलर म्हणजे वही-एवढी ॲल्युमिनियमची जाळी. तिच्यातून तेल फिरतं आणि बाहेरून हवा. बाजारात साध्या नळीला पत्र्याच्या पाकळ्या लावलेले मिळतात आणि चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेलेही मिळतात. दुसरे महाग, पण त्याच आकारात जास्त काम करतात. तो रेडिएटरच्या आधी जोडायचा की नंतर, यावर आमची चर्चा झाली. नंतर, हे उत्तर बरोबर. गिअरबॉक्समधून निघालेलं कढत तेल आधी रेडिएटरमधल्या पाण्याला मोठा वाटा देऊन टाकतं, मग उरलेली उष्णता जाळीतून हवेला देतं आणि थंड होऊन परत जातं. क्रम उलटा केला तर हवेने थंड केलेलं तेल पुन्हा गरम पाण्यातून जाईल, म्हणजे न्हाऊन चुलीपाशी बसण्यासारखं. परतीची नळी कोणती हे ओळखायला मेस्त्रींनी गाडी पाचच मिनिटं चालू ठेवली आणि दोन्ही नळ्यांना पाठचं बोट लावून पाहिलं. कमी गरम ती परतीची.

खरी जोखीम नळ्यांत आहे आणि तिच्याबद्दल लोक फार कमी बोलतात. तेलासाठी तेलाचाच हौज पाइप लागतो. रेडिएटरच्या पाण्याचा पाइप लावला तर गरम तेलाने तो आतून फुगतो आणि सहा महिन्यांत फाटतो. धातूच्या नळीच्या टोकाला उंचवटा नसेल तर पाइप दाबाने निसटतो, नुसती क्लिप आवळून भागत नाही. तेल गेलं तर गिअरबॉक्स काही मिनिटांत संपतो, तापण्याने मरायला त्याला निदान काही वर्षं लागतात. काही संचांबरोबर नायलॉनच्या काड्या येतात, त्या एसीच्या जाळीतून आरपार ओवून कुलर अडकवायचा असतो. मेस्त्रींनी त्या काड्या सरळ कचऱ्यात टाकल्या. गाडीच्या थरथरीने त्या जाळीच्या नळ्या करवतीसारख्या कापतात. त्यांनी पत्र्याच्या दोन पट्ट्या वाकवून चौकटीला बोल्ट मारले. शेवटी तेलाची पातळी. कुलर आणि नळ्यांत अर्ध्या लिटरच्या आसपास तेल जादा मावतं, ते भरावं लागतं. आमच्या गाडीत तेल पाहायची पट्टी नाही. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानावर असताना, इंजिन चालू ठेवून, खालची बुचडी उघडून पाहायचं. धार थांबून थेंब पडू लागला की पातळी बरोबर. हे काम घाईने केलं की सगळं वाया जातं.

रेडिएटर जुना असेल तर आणखी एका गोष्टीची भीती असते. त्याच्या टाकीतली तेलाची नळी आतल्या आत फुटली तर कुलंट आणि तेल एकमेकांत मिसळतं आणि गुलाबी मिल्कशेकसारखं दाट द्रव तयार होतं. ते गिअरबॉक्समध्ये गेलं की चकत्यांचं कागदी अस्तर सुटून येतं. कुलंटच्या डबीत डोकावून पाहायला दहा सेकंद लागतात. मी आता दर महिन्याला डोकावतो.

एक प्रश्न मात्र कुलर लावल्यावरही माझ्या डोक्यात राहिला, आणि तो मी अमेरिकन माहितीत कुठे नीट मांडलेला पाहिला नाही. ट्रेलर ओढणारी मिनीव्हॅन तासाला नव्वद किलोमीटरने जाते. तिच्या कुलरवर वारा आपोआप आदळतो. दिंडीतली गाडी चार किलोमीटरने जाते. तिथे वारा कुठून आणायचा? हवेवर चालणारा कुलर हवा नसेल तर नुसतं ओझं आहे. यावर तोडगा असा की, कुलर अशा जागी हवा जिथे गाडीचा मुख्य पंखा हवा ओढतो, किंवा त्याला स्वतःचा छोटा विजेचा पंखा हवा. आम्ही पहिलं केलं. एसी चालू असला की पंखा फिरत राहतो, तेव्हा निदान श्वासापुरती हवा मिळते. पण एसीची उष्णताही त्याच वाटेने बाहेर पडते. एका दारातून दोन पाहुण्यांनी निघावं तसं आहे ते. तेव्हा कुलर हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा चालवणाऱ्याच्या पायात आहे.

चढावर गाडी ॲक्सिलरेटरने रोखून धरायची नाही, ब्रेकनेच धरायची. ॲक्सिलरेटरवर धरलेली गाडी म्हणजे पूर्ण क्षमतेचा गिझर. इंचाइंचाने सरकायचं नाही. पुढे वीस-पंचवीस पावलं जागा होऊ द्यायची, मग एका दमात तेवढं अंतर काटायचं आणि पुन्हा थांबायचं. वेग थोडा वाढला की दोन पंख्यांतलं अंतर कमी होतं आणि घुसळण कमी होते. थांबा लांबला तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. यातलं काहीच नवीन नाही. रथाचे बैल घाटात असेच चढतात, थोडं जोरात, मग थांबा.

पुढच्या वारीला आई आली. तिला आणायला कुलरपेक्षा तिच्या मैत्रिणी जास्त उपयोगी पडल्या, हे कबूल करायला हवं. ओबीडीच्या खोबणीत लावायचं एक छोटं यंत्र मी घेतलं होतं. ते तेलाचं तापमान मोबाइलवर दाखवतं. घाटभर माझं लक्ष त्या आकड्याकडे होतं. तो वर गेला, शंभराच्या आसपास घुटमळला, एका वळणावर माझ्या पोटात गोळा आणण्याइतका वर सरकला, तेव्हा मी एसी बंद केला आणि काचा उघडल्या. बाहेरून मृदंगाचा आवाज आणि धूळ एकदमच आत आली. मागून आईने विचारलं, “काय रे, पुन्हा तापली का?”

“नाही, तापायच्या आत थांबतोय.”

“मग ठीक.” तिने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. पुढचे टेम्पो वीस पावलं सरकले, मी ब्रेक सोडला.

झेंडेवाडीच्या अलीकडे घाट संपतो. तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन चालूच ठेवलं, म्हणजे पंप फिरत राहतो आणि तेल थंड होत राहतं. पाच-सात मिनिटांत आकडा नव्वदच्या खाली आला. तेवढ्यात मागून रथ वर आला. जादा जोड्या सोडत होते. जूं उतरल्यावर एका बैलाने अंग झाडलं आणि त्याच्या मालकाने त्याच्या पाठीवर ओंजळीने पाणी मारलं.